तळटीप चौदा

अकरा लाख सौदे माझ्या संगणकात आहेत.
जुन्या सायकली, बाळांचे बूट, एकदाच घातलेले लग्नाचे झगे,
आणि प्रत्येकापुढे वेळ, सेकंदापर्यंत.
चार वर्षं मी ते चाळते आहे
तार्तूच्या विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथून नदी अर्धीच दिसते.
उरलेली अर्धी आयवारच्या खोलीतून,
कारण तो प्राध्यापक आहे.

सिद्धांत सोपा: माणूस जास्त देणाऱ्याला विकतो.
सगळा आलेख त्याला मान डोलावतो,
एक विक्रेती सोडून.
क्रमांक ५०७२१८. गाव वाल्गा.
अकॉर्डियनचे सुटे भाग विकते, एका वेळी एकच.
एक बटण. एक पट्टा. पितळेची एक जीभ.
पंचेचाळीस युरो देणाऱ्याला नाही म्हणाली
आणि नऊ युरोंना देऊन टाकलं.
एकदा नव्हे, एकेचाळीस वेळा.

दुसऱ्या परीक्षकाने लिहिलं, ही नोंद वगळावी.
आयवार म्हणाला, गंमत आहे, पण वगळच.
म्हातारी असेल, चुकीचं बटण दाबत असेल.
एकेचाळीस वेळा? असं मी विचारलं नाही.
माझी शिष्यवृत्ती त्याच्या सहीवर होती.

एकोणिसावा रकाना मी पहिल्याच वर्षी उडवला होता,
फाइल हलकी व्हावी म्हणून.
मार्चमधल्या एका रात्री तो परत आणला:
माल टपालाने, की स्वतः येऊन.
एकेचाळीसच्या एकेचाळीस
स्वतः येऊन.

नियमाप्रमाणे मला तिचं नाव कळायला नको.
पण वाल्गात अकॉर्डियन उसवणारं
दुसरं कोण असणार?
आठ युरोंची बोली लावली, खाली लिहिलं, येऊन नेईन.
चार मिनिटांत होकार.

हेल्वे रांडमा. दाराशीच उभी, एप्रन काढून ठेवलेला.
टेबलावर काळा पाव, जिऱ्याचं चीज,
दोन कप, आणि तिसरा, बशीवर उपडा.
आधी भाव.
आठ जास्त होतात, म्हणाली, सहा द्या.
मी म्हटलं, ठरलेत आठ.
साडेसहा, आणि कॉफी घ्या.
अशी उलटी घासाघीस पाऊण तास.
आमच्या शास्त्रात घर्षण हा दोष असतो.
सगळे ॲप त्याच्यावरच उभे,
दोन माणसांच्या मधलं तेल.
आणि ही बाई काठीने चकमक घासावी
तशी घासत होती, हळू, पुन्हा पुन्हा,
गाल लाल होईपर्यंत.

काल्योचं वाद्य खोक्यात होतं.
दर रविवारी ती एक स्क्रू सोडवते.
अख्खं का नाही विकलंत?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी विद्यार्थ्यांकडे बघते
सरासरी आणि मध्यक यांत गल्लत झाली की.
अख्खं विकलं असतं, म्हणाली,
तर एकदाच कुणी आलं असतं.
एका बाजूचीच एकशेवीस बटणं आहेत.
मग भाता.

परतीच्या गाडीत मी हिशेब करून पाहिला.
पंचेचाळीस वजा नऊ: छत्तीस युरो,
एका दुपारचे. महाग नाही.
हा आकडा प्रबंधात कुठे बसवायचा
ते मात्र सुचेना. एल्वा स्टेशन गेलं,
कोट अंगात तसाच होता.

प्रबंध छापून झाला. तळटीप चौदा:
एक विक्रेती वगळली आहे.
निष्कर्षांवर परिणाम नाही.
हे खरं आहे, चौथ्या दशांशापर्यंत खरं आहे.
शिंपल्याचं बटण माझ्या कीबोर्डशेजारी असतं,
कुठलाच सूर नसलेलं.

पुढच्या वेळी डेटा उतरवेन
तेव्हा एकेचाळीसचे बेचाळीस झाले असतील
आणि बेचाळिसावी कोण
हे मला हितसंबंधांच्या रकान्यात लिहावं लागेल.
तिचा अभिप्राय तर कधीच आला आहे:
वक्तशीर. कॉफी दोनदा घेतली.
बटण मात्र बघितलंसुद्धा नाही.
चार तारे.